सशाच्या कानाची शीर

आई, सशाच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. तू आता नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस. चिंचणीच्या घरात तू विळीवर बोंबील कापत बसली होतीस. मी बोईसरच्या प्रयोगशाळेतून येऊन भाकरीचं पीठ पुढे ओढलं, आणि तू परात काढून घेतलीस. आम्ही सशांना एक प्रथिन टोचतो, मग त्यांच्या कानाच्या शिरेतून रक्त काढतो, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. त्या रक्तात एक अँटिबॉडी तयार होते. स्तनातल्या गाठीत हार्मोनला धरून ठेवणारं तेच प्रथिन असलं, तर ती नेमकी त्याला जाऊन चिकटते, आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडतील की नाही ते कळतं. तुला त्यातलं फक्त रक्त ऐकू आलं. "या हातानं माज्या घरात भाकरी नाय थापायची." मी हसले. म्हटलं, सकाळपासून पाटीभर मासे चिरलेस, ते काय भाजी होती? तू मान वर केलीस. "मासा एकदाच मरतो. तू त्याला जितं ठेवतेस आन् परत परत रगत काढतेस." मी रागाने हात धुवून उठले. पुढे कितीतरी दिवस मी आयत्या भाकऱ्या खाल्ल्या, तेही तुला चिडवत.

मग तुझ्याच छातीत गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं. डॉक्टरांना विचारून गाठीचा तुकडा मी बर्फात घालून बोईसरला आणला. त्याचा पातळ काप काचेवर ठेवून त्यावर आमच्या सशाची अँटिबॉडी घातली, रंग दिला, आणि अजून डोळ्यांपुढे आहे, मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आहे. एकेक पेशी आतून तपकिरी दिसते, भाजलेल्या तिळासारखी. अँटिबॉडी चिकटली, गोळ्या लागू पडणार. मी एकटीच टाळी वाजवते. डॉक्टरांनीही काच पाहिली आणि गोळ्या सुरू केल्या. तू म्हणालीस, "सशाच्या रगताची गोळी मी नाय खायाची." गोळीत रक्त नाही, मी ओरडले, आणि असतं तरी खायला घातली असती, पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. तोंड वाकडं करत गिळलीस एकदाची.

तपासणीसाठी तुझं रक्त मीच काढायची. एकदा शीर सापडेना, म्हणून तुझा हात चोळत बसले, सशाचा कान चोळते तसाच. "आता मीच तुजा ससा," तू म्हणालीस. "टोचतेस ते सांगून तरी टोच." मी म्हटलं, "जरासं दुकेल हां."

तू गेलीस ती पुष्कळ वर्षांनी, हृदयाच्या दुखण्याने. गाठीने नाही, हे मी सगळ्यांना मुद्दाम सांगते. त्यासाठी ससे लागलेच असते. देव समोर आला तर त्यालाही हेच ऐकवीन. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुला कळू द्यायचं नाही. त्या दिवसानंतर नोकरी संपेपर्यंत मी एकाही सशाला न सांगता टोचलं नाही. "जरासं दुकेल हां," म्हणायची. सोबतचे हसायचे.