पायाळूचा पाय

आप्पा, लिहायची सवय नाही, तुम्ही गेलात आणि माझी शाळाही तिथंच सुटली, म्हणून सरळच विचारतो. तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता का?

मी पायाकडून जन्मलो, म्हणून पायाळू. भवानी पेठेत कुणाच्या पाठीत उसण भरली की आपल्या दारात येऊन पालथं पडायचं आणि मी पाठीवरनं पाय फिरवायचा. शेजारचे मामा तर म्हणायचे, "ये रं डाक्टर, घाल एक लाथ, च्या पाजतो." तुम्ही घरी असलात की मात्र "पोरगं झोपलंय" म्हणून त्यांना परत लावायचात. मी जागा असायचो. आणि तुमची स्वतःची पाठ? दिवसभर मागावर उभं राहून सकाळी लाकूड झालेली. तुम्ही सतरंजीवर उताणे. एक गुडघा पोटाशी घेताय, सोडताय, मग दुसरा. मग दोन्ही गुडघे हळूहळू इकडं-तिकडं झुकवताय, कुशीवर होऊन हाताच्या आधारानं उठताय. मी उंबऱ्यात उभा. पाय देऊ का विचारलं तर म्हणालात, "नगं. पाठ जागी झाल्याबिगर आपण उठायचं न्हाय, एवढंच हाय ते." साऱ्या गल्लीला चालणारा पाय घरात का चालत नाही? तेव्हापासून वाटायचं, ह्यांना काहीतरी ठाऊक असणार. मी पायाळू नसेनच, आईनं उगं उठवलेली गोष्ट असेल.

आता गुजरातेत टाइलच्या गोदामात पेट्या उचलतो. थंडीत एका सकाळी मोजा घालायला वाकताच येईना. ठेकेदाराला सांगावं तर तो दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा करणार. खोलीतल्या पोरांनाही कळू दिलं नाही, त्यातला कोण त्याच्या कानाला लागलाय काय सांगावं. गुपचूप सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी तपासलं, म्हणाल्या हाडाला काही नाही, पाठ आखडलीय. मग झोपवून जे करून घेतलं ते तुमचंच. एक गुडघा, दुसरा, झुकवणं, कूस. झटका द्यायचा नाही, दुखलं की थांबायचं. मला वाटलं, गोळ्या वाचवायला सांगत असतील. तरी रोज करत गेलो. आता सकाळी भिंत धरावी लागत नाही.

मग सुट्टीच्या दिवशी आईला फोन लावून विचारलं, आप्पांनी माझा पाय कधीच का घेतला नाही.

"आरं, कुणाची पाठ मोडली तर पोराच्या पायावर आळ यील म्हणायचे. जल्मभर त्योच डाग."

"लोकांचं ठीक हाय. सोताच्या पाठीचा आळ कोण घेणार हुतं?"

ती जरा थांबली. "तूच सोतावर घेतला असतास की."

त्या थांबण्याचाच मला संशय आहे, आप्पा. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द काढत नाही, हेसुद्धा तिनं तिथल्या तिथं जुळवलं नसेल कशावरनं? विचारायला तुम्ही नाही आणि हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही. परत फोन करून तिला खोदून विचारणार होतो. नंबर काढला आणि ठेवून दिला. तिनं दुसरंच काही सांगितलं असतं तर मला ते नको होतं.