साडूपेक्षा एक ताण जास्त

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. उद्देश: मनःशांती.
साडूच्या लिंबाला फुलं आली आहेत. मला त्याचं काही नाही. भिंतीला भिंत लागून घर आहे म्हणून दिसतात. गच्चीतून जास्त चांगली दिसतात. तीनदा बघून आलो. वास थेट आमच्या बेडरूमपर्यंत येतो. हा निव्वळ आगाऊपणा आहे.

५ फेब्रुवारी
वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. दोन्ही झाडं एकाच आईची. सासूबाईंनी जाण्याआधी आपल्या दारातल्या लिंबाची दोन कलमं केली, एक हिला, एक धाकटीला. पुढे ते घर गेलं, झाडही गेलं. सासूबाईंचं म्हणून आता एवढंच उरलंय. ही रोज झाडाशी काहीतरी पुटपुटत असते. माझ्याशी एवढं बोलत नाही.
आमचं झाड हिरवंगार आहे, पण लिंबं मोजकीच. साडूकडे टोपल्याच्या टोपल्या. वर तो त्या आमच्याकडे पाठवतो. मुद्दाम.

७ फेब्रुवारी
हिने साडूला गुपित विचारलं. मी दाराआड होतो, पण सहज.
म्हणे, झाडाला ताण दिला. म्हणजे पाणी तोडलं. झाड पानं गाळतं, वाढ थांबवतं आणि मुळांत, खोडात साठवलेल्या अन्नावर जगतं. मग पाणी दिलं की तो साठा फुलांना लावतं. पण झाड आधी धडधाकट हवं, आणि पुन्हा साठा भरायला त्याला सवड द्यायला हवी, असंही म्हणाला.
हा दाताचा डॉक्टर! जन्म लोकांच्या जबड्यात गेला आणि भाषण झाडांवर. साठा म्हणजे काय ते मला सांगतोय. कंपनीचं अख्खं स्टोअर मी सांभाळतो.

८ फेब्रुवारी
पाणी बंद. हिने पाईप कुठे गेला विचारलं. दुरुस्तीला दिला म्हणालो. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली. विश्वास म्हणतात तो हाच.

१९ फेब्रुवारी
ही पातेलंभर पाणी घालताना सापडली. जोरदार वाद. आईचं झाड आहे, त्याच्याशी खेळू नका म्हणाली. प्रयोगात भावना आणू नयेत, असं मी शांतपणे ओरडून सांगितलं. पातेलं ठेवून आत गेली. पटलं असावं.

४ मार्च
सगळी पानं गळाली. साडूच्या झाडाची अर्धीच गळाली होती. म्हणजे आपण पुढे. आजपासून भरपूर पाणी.

१९ मार्च
पालवी! फूल एकही नाही.
साडू भिंतीवरून डोकावला. म्हणाला, दादा, ही पानं साठ्यातून काढलेली आहेत, ती अजून कमावती झालेली नाहीत. त्यांना मोठी होऊ द्या, अन्न करू द्या, यंदा फुलांचा नाद सोडा.
जळतोय. मला माणसं ओळखता येतात.

२१ मार्च
निर्णय: दुसरा ताण. पहिल्या ताणाने पानं आली, तर दुसऱ्याने फुलं यायलाच हवीत. यात न कळण्यासारखं काय आहे?
ऑफिसात मेंटेनन्सवाले राखीव बेअरिंग मागायला आले. दिली नाहीत. राखीव माल आज काढला आणि नवा यायच्या आत पुन्हा गरज पडली, तर मशीन बंद पडेल, हे बजावून सांगितलं. एवढं साधं लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

१८ एप्रिल
पालवी वाळून गळाली. फांद्यांची टोकं सुकली आहेत. चांगलं लक्षण. पाणी सुरू.

३ मे, सकाळी
फुलं! फुलंच फुलं! पान नाही, नुसतं पांढरं झाड! साडूचं झाड यापुढे काहीच नाही. फॅमिली ग्रुपवर अकरा फोटो टाकले. साडूने साधा अंगठाही दाखवला नाही.

३ मे, संध्याकाळी
साडू आला. नखाने फांदीची साल खरवडली, हिच्याशी हळू आवाजात बोलला. मी ऐकलं: झाड कधीकधी शेवटचं उरलंसुरलं असं फुलांत घालतं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानाने येतं असं.
दुसऱ्याचं यश बघायला मोठं मन लागतं. सगळ्यांकडे नसतं.

१४ मे
फुलं झडली. वाटाण्याएवढी फळं काळी पडली. कारण: वारा.

२ जून
एकही पान नाही. मीही साल खरवडून पाहिली. आत तपकिरी. झाड विश्रांती घेतंय. मेव्हणी बघायला आली, भाऊजी, एवढंच म्हणाली आणि आत हिच्याकडे गेली.

१६ जून
खोडाला टेकलो तर झाड कललं. मुळांत काही उरलं नव्हतं.
हिला सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
दुपारी साडू कुंडीत एक रोप घेऊन भिंतीशी आला. त्याच्या झाडाच्या फांदीला ओलं शेवाळ बांधून मुळं फुटू दिली होती. तेही सासूबाईंचंच झालं की. पण अशी मुळं काही आठवडाभरात येत नाहीत, म्हणून मी विचारलं, कधी बांधलं होतं? तो हिच्याकडे बघायला लागला. ही म्हणाली, पाईप दुरुस्तीला गेला त्याच संध्याकाळी मी सांगून आले होते.
मी म्हणालो, म्हणजे झाड मरणार याची तुला तेव्हाच खात्री होती? ती म्हणाली, झाडाची नव्हती, तुमची होती.
आमच्या अंगणात खड्डा खणायला कुदळ आणली. राहू द्या म्हणाली. खड्डा धाकटीच्या अंगणात तयार होता. मीही गेलो. ही, धाकटी आणि साडू, तिघांनी मिळून रोप लावलं, माती दाबली. मी कडेला उभा होतो. काहीतरी करावं म्हणून विचारलं, पाणी घालू का?
तिघंही एकदम नको म्हणाले.