पलीकडच्या काठावर चढलेलं पाणी

आंबेशेत, ता. १२ जानेवारी १९८२

चि. गणूस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

बातमी आधी सांगते, खुशाली मागून. आपल्या वाडीच्या काठाला पूरबांध मंजूर झाला! सावित्री नदी घरात शिरली की चूल पाण्यात आणि आपण माळ्यावर, हे तू लहानपणी पाहिलंयस. पोलादपूरच्या कचेरीत खेटे घालण्यात माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. शेजारचा सोमाकाका तर म्हणतो, काशी मास्तरीण झाली ती बांधासाठीच.

तुम्ही म्हणे पुण्याच्या प्रयोगशाळेत, शेडखाली, सिमेंटची छोटी सावित्री केली आहे. नदी-नदी खेळायला पगार मिळतो हे वाडीत कुणाला पटत नाही. आमचा बांध तिच्यात बसवून बघ आणि कळव.

माया आहेच, पत्रातूनही दिसू दे.
तुझी काशीताई

पुणे, ता. ३ फेब्रुवारी १९८२

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू थट्टेत लिहिलंस, मी खरंच बांध बसवला. पावसाळ्याएवढं पाणी सोडलं. आंबेशेत कोरडं राहिलं, पण वळणावर अडलेलं पाणी समोरच्या काठावर चढलं. समोर पारवाडी आहे, ताई. आपली बहीण मंजुळा तिथे नांदते. एरवी तिच्या अंगणापर्यंत येणारं पाणी मॉडेलात कौलांना लागलं. पुन्हा पुन्हा सोडून पाहिलं, तेच.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले की विचारणा पोलादपूरच्या काठाची आहे; पलीकडचा काठ महाडच्या हद्दीत, त्यांनी विचारलं तर बघू. बांध नदीपासून मागे घेतला तर दोन्ही वाड्यांचं बरंच निभावेल. मात्र कोंडाजी पाटलांच्या शेताची पट्टी बांधाबाहेर, नदीकडे जाईल.

तू रागावशील. रागाव, पण काम सुरू व्हायच्या आत काहीतरी कर.

धाकट्यावरचा लोभ कमी करू नये,
गणू

आंबेशेत, ता. २८ मार्च १९८२

चि. गणूस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर केला, रागावले होते. आमच्या भिंती पडत होत्या तेव्हा कुणी मॉडेल केलं नाही. आमच्या पदरात काही पडायची वेळ आली आणि मोजमाप निघालं. तुला दोन शिव्याही लिहिल्या होत्या, त्या फाडल्या.

वीस मार्चला चवदार तळ्यावर मंजुळा भेटली. गर्दीतून तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. आधी हसली, ताई तू माझ्यावर नदी सोडतेस काय गो, म्हणाली. तिच्या सासूला, ठकूबाईला, चालता येत नाय. म्हातारीला रात्रीची कुठं उचलून नेऊ, असं मग तिने विचारलं.

कोंडाजी पाटलांकडे सोमाकाकाला घेऊन गेले. त्यांनी चहा दिला आणि सांगितलं की बांध माझ्या शेताच्या पुढे हवा, मागे घालायचा असेल तर माझ्या दारात येऊ नका. आता तूच दोन्ही हद्दींच्या इंजिनिअरांना एकत्र बसव.

जिव्हाळा ठेव,
काशीताई

पुणे, ता. ९ मे १९८२

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

दोघेही येऊन गेले, पण वेगवेगळे. पोलादपूरचे आले, आपला काठ कोरडा पाहून खूश झाले आणि निघून गेले. पलीकडे बघा म्हटलं तर घड्याळ बघितलं. नंतर महाडचे आले. पाणी चढताना पाहून संतापले आणि म्हणाले, आम्हीही आमच्या बाजूने बांध घालतो. तोही घालून दाखवला. मधलं पाणी फुगून खालच्या गावांवर गेलं. एकत्र बसा म्हणालो, तर दोघांनीही वरिष्ठांमार्फत लेखी कळवा असंच सांगितलं.

आमच्या मॉडेलात तालुक्याची हद्द आखलेली नाही, म्हणून ते त्यांना समजत नसेल. ताई, मी थकलो. यापुढचं वाडीच्या हातात आहे.

आशीर्वाद असू द्यावा,
गणू

आंबेशेत, ता. २२ ऑगस्ट १९८२

चि. गणूस,
अ. उ. आ.

तुला कळवायचं धाडस आज होतंय. मे संपता संपता वाडीची बैठक घेतली. बांध मागे घ्या, नाहीतर घालू नका, असं कचेरीला सांगू या, मी म्हणाले. कल्ला झाला. तू वाडीची की बहिणीची, असं तोंडावर विचारलं गेलं. दुसऱ्या दिवशी सोमाकाका एकटाच नदी ओलांडून पारवाडी बघून आला आणि म्हणाला, ठकूबाईचं घर माझ्या घरापेक्षा खाली हाय, बांध नको. मग हळूहळू बाकीचे वळले. कचेरीने मंजुरीच रद्द केली. बांध मागे सरकवण्याचं नावही काढलं नाही.

जुलैच्या शेवटी पाणी आलं. सोमाकाकाची नदीकडची भिंत गेली, शाळेची पडवी गेली. पारवाडीत अंगणं बुडाली, घरं राहिली. मंजुळाचे शेजारी म्हणतात यंदाचा पूर काही विशेष नव्हता. त्यांना काय सांगू? सोमाकाकाने ते ऐकलं, मातीचा गोळा भिंतीला मारला आणि पाठ फिरवून काम करत राहिला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

परवा, बांध नदीपासून मागे घाला, असा दोन्ही वाड्यांचा मिळून एकच अर्ज केला आणि महाडला गेलो. कारकून म्हणाला, एका अर्जात दोन तालुके चालत नाहीत, दोन अर्ज करा. मी वाद घालून दमले, मंजुळा रडकुंडीला आली. सोमाकाका मात्र व्हरांड्यात बसला तो उठेना. कचेरी बंद करायच्या वेळेला कारकुनाने अर्ज ओढून घेतला. कुठल्या फाइलीत लावायचा ते ठरेना, म्हणून टेबलावरच ठेवलाय. तो तिथून हलतो का ते बघायला सोमवारी पुन्हा जाणार आहोत, दोन्ही काठांचे मिळून.

रजा काढ आणि ये. तुझ्यावरचा राग गेला आहे, माया होती तिथेच आहे.
काशीताई