मिशीच्या पुढचं टिंब

सोमवार, ८
मध्यरात्र उलटली, डोळ्याला डोळा नाही. चिमणी रडली म्हणून नव्हे, पोरगी गाढ झोपलीय. आमच्या बायकांच्या दहावीच्या वर्गात आज बाई म्हणाल्या — उद्या प्रत्येकीनं सांगायचं, घरून वर्गात यायला किती मिनिटं लागतात. काय सांगू? सरळ रस्ता ह्यांच्या गॅरेजवरून जातो. ह्यांनी दहावीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलंय. मी पोरीला कडेवर घेऊन मागून, नाल्याच्या कडेनं, फिरून जाते. पन्नास मिनिटं!
दहा सांगून टाकावं. कोण बघतंय?

मंगळवार, ९
पन्नासच सांगितलं! तोंडातून निघून गेलं.
बाईंनी आम्हा अकरा जणींना ओळीत उभं केलं. कमी मिनिटंवाली भिंतीशी, जास्तवाली दाराशी. सहावीला हात वर करायला लावला — ही मधली. मग तिच्या अलीकडच्या पाचांतली मधली, पलीकडच्या पाचांतली मधली. एकीच्या मिनिटांपासून दुसरीच्या मिनिटांपर्यंत फळ्यावर चौकट — ही पेटी. दोन्हीकडे उरलेल्यांपर्यंत रेघा — ह्या मिशा.
ओळीतली शिलाईवाली म्हणाली, "पेटीला मिशा, मग दाढी कुठंय?" हसून हसून पोट दुखलं.
दाराकडची मिशी चौदा मिनिटांवरच संपली. मी पार दाराशी, एकटी.
"फार लांबून येतेस गं?"
शिलाईवाली मध्येच — "कुठलं लांब! माझ्या शेजारीच तर राहते."
बाईंनी पुढं विचारलं नाही. मिशीच्या पुढं, पन्नासावर, माझं एक टिंब काढलं. मी म्हटलं, पुसा ना बाई, चित्र बिघडतंय. तर म्हणाल्या, "खरा आकडा आहे. पुसायचा नाही. तो एवढ्या लांब का, ते बघायचं."

बुधवार, १०
गणिताच्या वहीत परत काढलं. जमलं की!
पेटीतल्या बायका घरातून निघतात नि पोचतात. बस. मला वाटायचं, सगळ्याच थोड्याफार लपूनछपून येत असतील. ओळीत उभी राहिले तेव्हा कळलं — तसं नाहीये.

गुरुवार, ११
शिलाईवाली स्कूटी दाखवायला गॅरेजवर गेली होती. गमतीत बोलून गेली, "भाऊजी, तुमची बायको वर्गात सगळ्यात लांबून येते हो!" तिला बिचारीला काय माहीत.
हे शांतपणे जेवले. मग — "गणिताची वही आण." पानं उलटली. टिंबावर बोट ठेवलं.
"ही तू?"
हो म्हटलं.
आवाज चढवला नाही. त्याचीच भीती वाटते. माझा फोन मागितला. दिला.

शुक्रवार, १२
हे बाहेरून कुलूप लावून गेलेत. चिमणी माझ्याजवळच आहे. ही वही खिडकीतून रस्त्यावर टाकतेय. जो कोणी वाचेल त्यानं माझ्या भावाला फोन करा, नंबर पुठ्ठ्यावर लिहिलाय. म्हणावं, ताईला नि चिमणीला न्यायला ये. हे घरी यायच्या आत.