गडग्यावरचं घमेलं

दाभोळ,
१४ नोव्हेंबर २०२४

सौ. कमलावहिनींस, गंगाराम रेवाळेचा नमस्कार.

घरी सगळी बरी असतील. भात झोडून झालं असेल, पेंढा रचून झाला असेल. धाकूकाकांच्या, तुमच्या मामंजींच्या, डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय असं ऐकलं. केरू जयगडच्या बंदरावर अजून त्याच पाळीत आहे का? मी इथे दाभोळला मुलीकडे, सावनीकडे, येऊन दीड वर्ष झालं. मोटरसायकल विकली. गुडघे विकता येत नाहीत, ते वागवतोय. सकाळी खाडीपर्यंत जातो, होड्या बघतो, परत येतो. सत्तावीस वर्षं वाड्यावाड्यांतून गाईम्हशींना कृत्रिम रेतन करत फिरलेला माणूस, पण इथे मला कुणी ओळखत नाही. ते बरंच आहे.

फोन का केला नाही, असं मनात येईल. एक तर फोन धाकूकाका उचलतात. दुसरं म्हणजे मी फोनवर कसा बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. इकडून तिकडून फिरतो आणि मुद्द्याच्या जागी खोकतो. कागदावर लिहिलं की खाली सही करावी लागते.

गेल्या आठवड्यात वेदिकाचा फोन आला होता. ती आता महिला दूध संस्थेची सचिव आहे, मोठी चुणचुणीत पोर. म्हणाली, संस्थेला प्रत्येक वाडीत एक पशुसखी नेमायची आहे. तिने गोठ्यागोठ्यात जायचं, गाय माजावर कधी आली ते बघायचं, वेळ टिपायची आणि रेतनवाल्याला लगेच कळवायचं. तुमच्या वाडीतून तुम्ही स्वतः नाव दिलंत म्हणाली. मला खरंच आनंद झाला. मग ती म्हणाली, "काका, पण गावात सगळे सांगतात, कमलाताईंना माजच ओळखता येत नाही. त्यापायी त्यांची गाय विकावी लागली. तुम्हीच तसं म्हणाला होतात ना? खरं काय ते सांगा."

मी म्हटलं, "बघतो, आठवून सांगतो."

आठवायचं काय डोंबल! सगळं पाठ आहे मला.

माज ओळखणं सोपं नाही, वहिनी. हे मी शिबिरांत शंभर वेळा सांगितलंय. पुस्तकातल्या गाई दहाच्या कळपात मोकळ्या असतात, एकमेकींवर उडतात, आंधळ्यालाही कळेल. आपल्याकडे गोठ्यात एकटी गाय दावणीला बांधलेली. ती उडणार कुणावर? त्यात वैशाखाचा उकाडा. कितीतरी गाई मुका माज करतात, हंबरत नाहीत, चारा सोडत नाहीत. पहाटे दोन तास काय ते दिसतं आणि ऊन चढलं की सगळं शांत. ती वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस थांबायचं. भल्याभल्यांना ते जमत नाही. गाय उलटली, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली, तर दहातल्या सात वेळा चूक माज बघणाऱ्याचीच असते.

बघा, पुन्हा इकडून तिकडून फिरलो. तुमची गोष्ट त्या सातांतली नव्हती.

तुमच्या सासूबाई होत्या तोवर तुम्ही त्यांना सांगायचात, त्या धाकूकाकांना सांगायच्या आणि काका मला निरोप धाडायचे. सासूबाई गेल्या आणि मधला माणूसच उरला नाही. सासऱ्यासमोर सुनेने "गाय माजावर आली" असं तोंडाने कसं म्हणावं? केरू बंदरावर. तुमच्याकडे तेव्हा फोनही नव्हता. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "भाऊ, तुम्ही रोज सकाळी इथून जाता. अंगणाच्या दगडी गडग्यावर घमेलं पालथं दिसलं तर संध्याकाळी या." दोन वर्षं ते चाललं. चार वेळा घमेलं पालथं दिसलं, चारही वेळा मी संध्याकाळी आलो, आणि चारही वेळा तुमच्या तांबू गाईचा माज ऐन भरात होता, स्रावाची काचेसारखी स्वच्छ तार सुटलेली. पहिल्या खेपेलाच तिला पाडी झाली. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी अचूक नजर मी दुसरी बघितली नाही. हे तेव्हाच चार माणसांत म्हणायला हवं होतं.

राहिल्या त्या तीन खेपा. २०१८च्या मेपासूनच्या.

आता लिहितो. त्या महिन्यात माझ्या पुतण्याचं लग्न होतं, मुरुडला. द्रव नायट्रोजनची गाडी ठरल्या दिवशी रत्नागिरीत येते, तिथे जाऊन वीर्याच्या कांड्या गार ठेवायचा आपला डबा भरून घ्यायचा असतो. मी हळदीला थांबलो. म्हटलं, आठ दिवस चालेल. उन्हात तो भराभर उडून जातो हे मला माहीत नव्हतं असं नाही. परत आल्यावर लाकडी पट्टी डब्यात घालून बघितली. आत नायट्रोजन असला की पट्टीवर पांढरा बर्फ धरतो. पट्टी कोरडी आली. डब्यातल्या सगळ्या कांड्या मेल्या होत्या, वहिनी. एकीतही जीव नव्हता.

तेव्हा वर कळवायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. पुढची गाडी आली तेव्हा डबा भरून घेतला आणि त्याच मेलेल्या कांड्या पुन्हा त्यात ठेवल्या. त्या उन्हाळ्यात त्याच वापरत राहिलो. एकदा मेलेली कांडी कितीही गार करा, जिवंत होत नाही. कुणाची गाय उलटली की मी उकाड्याचं नाव सांगायचो.

तुमच्याकडे उकाड्याचं निमित्त पुरलं नाही. तांबू तिसऱ्यांदा उलटली तेव्हा धाकूकाका अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "गंगाराम, खरा सांग. चुकताय खय?" तुम्ही गोठ्याच्या दारात होतात. मी काकांकडे बघून म्हटलं, "वहिनींना माज ओळखता येत नाही, काका. वेळ टळून गेल्यावर कळवतात."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि गप्प राहिलात. तुम्ही गप्प राहाल हे मला ठाऊक होतं, त्या भरवशावरच मी बोललो. वेळेत कळवलं हे सांगायचं तर घमेल्याचं सांगावं लागलं असतं, आणि सून परक्या पुरुषाला खुणा करते, एवढंच लोकांनी ऐकलं असतं. मी नुसतं खोटं बोललो नाही. तुमचं तोंड बांधलेलं आहे हे बघून खोटं बोललो.

पंधरा दिवसांत काकांनी तांबू घाटावरच्या माणसाला दिली. तुमच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या पाडीची ती लेक. तुम्हाला गोठ्यात पाय ठेवायची बंदी झाली हे मला पुढे चहाच्या टपरीवर कळलं. मी चहा संपवला आणि निघालो.

आज सकाळी संस्थेच्या नावाने रजिस्टर पत्र टाकलंय. त्यात कांड्यांचं, डब्याचं, लग्नाचं, सगळं आहे आणि खाली सही आहे. पंचवीस तारखेच्या सभेत ते वाचायला सांगितलंय. नक्कल सोबत जोडतो. तुम्ही म्हणाल तर गाडी करून येईन आणि धाकूकाकांसमोर त्याच अंगणात उभा राहून सांगेन.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही. लिहीत नाही.

तुमचा गुन्हेगार,
गंगाराम रेवाळे

* * *

२८ नोव्हेंबर २०२४

गंगारामभाऊ यांस,

कमलाचा नमस्कार. तुमचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं. लगेच लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. इथे सगळी बरी आहेत. केरूंची पाळी बदलली, आता रविवारी घरी असतात.

पत्र पोस्टमनने मामंजींच्या हातात दिलं. त्यांना आता अक्षर दिसत नाही. म्हणाले, "कोणाचा गो?" मी म्हटलं, गंगारामभाऊंचं. म्हणाले, "वाच." मी मनात म्हटलं, काहीतरी गाळून वाचू. मग नाही गाळलं. ओटीवर उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माज हा शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे मोठ्याने वाचला. मेला एक शब्द, पण त्याच्यापायी माझी गाय गेली.

मामंजींनी पत्र हातात मागून घेतलं. मग म्हणाले, "मंग तू तवा का नाय बोललीस?" मी म्हटलं, "तुमच्यासमोर कशी बोलणार होते?" ते जेवले नाहीत त्या दिवशी. तांबू गेल्यापासून आमच्या गोठ्यात लाकडं रचलेली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत तिथे गेले आणि एकेक लाकूड बाहेर काढायला लागले. राहू द्या म्हटलं तरी ऐकेनात. शेवटी मीही हात लावला. सगळी लाकडं निघाली.

केरूंना राग आला आहे. तुमच्यावर आहे तसा स्वतःवरही आहे, कारण तेव्हा तेही गप्प बसले होते. मी त्यांची समजूत काढली नाही.

सभेत तुमचं पत्र वाचलं. वेदिका वाचत होती आणि बायका माझ्याकडे बघत होत्या. मला रडू आलं, ते मी दाबलं नाही. पहिल्या तारखेपासून मी पशुसखीचं काम सुरू करते आहे. वाडीत बावीस गोठे आहेत. आता माझ्याकडे फोन आहे आणि मी तोंडाने सांगते.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगते. ही मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या मे महिन्यात तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी तांबूच्या मानेशी उभी होते. तुम्ही डबा उघडलात. दरवेळी झाकण काढलं की आतून पांढरा धूर यायचा, जमिनीवर उतरायचा. त्या दिवशी आला नाही. मी बघितलं. तुम्हीही क्षणभर थांबलात आणि मग कांडी काढलीत. पुढच्या खेपेला धूर परत आला. मी सातवी शिकलेली. धुराचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं. मला वाटलं, तुम्ही जाणते आहात, तुम्ही सांगाल. अंगणात तुम्ही ते बोललात तेव्हासुद्धा वाटलं, आता थांबतील, खरं बोलतील. मग रोज सकाळी तुमची गाडी जाताना ऐकायचे तेव्हा वाटायचं, आज थांबेल. सहा वर्षं गेली, भाऊ. मधल्या काळात मलाच वाटायला लागलं होतं की माझी नजर खोटी. लोक रोज म्हणतात तर असेल. ते मला फार लागलं, गाय गेली त्याहून जास्त.

तुम्ही अंगणात येऊन सांगू नका. मामंजींना कळायचं ते कळलं. माफीचंही आत्ता काही विचारू नका. तांबू कुठे आहे, कुणाच्या दावणीला आहे की नाही, मला माहीत नाही, आणि ते कळेपर्यंत माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक काम करा. तुम्ही लिहिलंत की त्या उन्हाळ्यात सगळीकडे त्याच कांड्या वापरल्या. म्हणजे उलटलेल्या गाई पुष्कळ असणार, आणि प्रत्येक गोठ्यात एक बाई असणार. वरच्या वाडीतल्या सोनूबाईची म्हैस त्याच वर्षी गाभण राहिली नाही. तिच्या नवऱ्याने तिला भर ओटीवर मारलं, वेळ चुकवलीस म्हणून. ती अजून एका पायाने लंगडते. तिला वाटतं, चूक तिचीच होती. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "माझाच मेलीचा पहाटे डोळा लागला."

तुम्हाला सगळं पाठ आहे म्हणता. तर एकेकीला पत्र लिहा. मला लिहिलंत तसंच, सहीसकट. सोनूबाईला वाचता येत नाही, तिचं माझ्या पत्त्यावर पाठवा. मी तिच्या ओटीवर उभी राहून मोठ्याने वाचीन, तिच्या नवऱ्याला ऐकू जाईल असं.

पत्रांची वाट बघते,
कमला केरू भुवड