उद्या घरी येणारी बंदूक

बेलापूर, बुधवार, संध्याकाळ

"राग तासाभरात उतरतो. घरात बंदूक असली की तो तास मिळत न्हाई," वडील एकदा म्हणाले होते. मी तेव्हा शाळेत होते. आज दिवसभर तेच वाक्य कानात आहे.

निवडणूक संपली. आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक आमचे हे उद्या परत आणणार. पावती दुपारीच शोधून खिशात घातली त्यांनी. दीड महिना मी किती निवांत झोपले, ते आत्ता कळतंय.

बिबट्याची भीती मलाही आहे. परवाच त्यानं उसातून येऊन शेजारची शेळी नेली. पण मला उन्हाळ्यातला तो दिवस आठवतो. बांधावरून चुलतदिरांशी भांडण पेटलं आणि ह्यांनी एकदाच मान वळवून घराकडे पाहिलं. बंदूक तेव्हा घरातच होती. एवढंच. केलं काहीच नाही. मग ती वळलेली मान मी विसरत का नाही?

चहा देताना विषय काढला, तर हसले. "बिबट्या काय तुझ्या वहीतली कविता ऐकून माघारी जानार हाय का?"

सासूबाईंनीही टोला दिला. "आन् दसऱ्याला पूजा कशाची करायची, लाटन्याची?"

मीही हसले. का हसले?

त्या दिवशी घराकडे का पाहिलंत, हे मी अजून विचारलेलं नाही. कदाचित मलाच शोधत असतील. उत्तर ऐकायची हिंमत नाही.

आता जेवायला येतील. नाहीच म्हणणार, माहीत आहे. तरी ताट वाढताना म्हणणार आहे: अहो, उद्या ठाण्यात जाल तेव्हा बंदूक आणू नका, परवानाही तिथंच देऊन या.