घरात फक्त इंग्रजी

अहो साहेब,

बदलीच्या गावी, जोधपूरला बसून फोनवर नियम काढणं सोपं असतं. "कॉलेजची प्रवेश परीक्षा होईपर्यंत घरात फक्त इंग्रजी!" परीक्षेत आपल्या ज्ञानदाला कुणी बोलायला लावणार आहे का? उतारे वाचून उत्तरं द्यायचीत.

तुमच्या नियमाआधी आम्ही दोघी इथे जयपुरात काय करायचो, हे कधी विचारलंत? मी मटार सोलायला बसले की ती उतारा वाचून मला मराठीत सांगायची. मतलब, तिच्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. मी आपली विचारायचे, "पण त्या देवमाशाला हे कळलं कसं गं?" की ती वैतागून पुन्हा उताऱ्यात शिरायची आणि तिथेच तिला स्वतःची चूक सापडायची. मार्क वाढत होते ते त्याने.

आता मटार मी एकटीच सोलते. सराव परीक्षेत मार्क घसरले, तर तुमचा मेसेज, "बी स्ट्रिक्ट." कुणाशी? माझं इंग्रजी दुपारच्या आत संपतं.

आज ती क्लासहून आली, डोळे सुजलेले. "काय झालं गं?" विचारलं, तर म्हणाली, "नथिंग, मम्मा." पुढचा प्रश्न मी इंग्रजीत जुळवेपर्यंत तिने खोलीचं दार लावून घेतलं.

हे पत्र मराठीत आहे, तुमच्या नियमात बसत नाही, म्हणून पाठवत नाही. मटार घेऊन तिच्या दाराशी बसायला चाललेय. देवमाशाचं पुढे काय झालं, ते विचारते. तो नियम तिकडे जोधपूरला तुम्हीच पाळा.

तुमची,
विभा